सरांनी नेमलेला चोर

समुद्राच्या पोटात चाललेलं बोलणं कोणी चोरून ऐकू नये, याची काळजी अख्ख्या नागपुरात एकच माणूस करतो, आणि तो माणूस माझ्या प्रबंधाचा गाइड होता. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला रेल्वेत एक रात्र तरी काढावी लागते. इथे पाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नळ येतो आणि तो आज किती वाजता येणार याची चिंता येते. सरांच्या डोळ्यांपुढे मात्र खोल, काळं, खारट पाणी असायचं. त्याच्या तळाशी बसलेली छोटी छोटी यंत्रं असायची, आणि त्या यंत्रांच्या गप्पांना कान लावून बसलेला कोणी एक बदमाश असायचा. हा बदमाश कोण, कुठल्या देशाचा, समुद्राच्या तळाचं तापमान कळून त्याचं काय भलं होणार, हे सरांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "चोर कोन हे मालूम असतं तर कुलूप कशाले लागलं असतं? त्याच्या घरी जाऊन समजावून आलो असतो."

मुळात अडचण अशी की पाण्यात रेडिओच्या लहरी थोड्या अंतरातच दम तोडतात, त्यामुळे तळाशी ठेवलेल्या सेन्सरना एकमेकांशी आवाजानंच बोलावं लागतं. आणि आवाजाचा स्वभाव असा, की तो ज्याच्यासाठी निघाला त्याच्याकडे जातो तसाच बाकी सगळ्यांकडेही जातो. पाण्यात माइक सोडून बसलेल्या कोणालाही तो ऐकू येतो. नव्या विद्यार्थ्यांना हे समजावताना सर म्हणत की पाण्यात बोलणं म्हणजे शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात बायकोला हाक मारणं आहे, बायको सोडून सगळे वळून पाहतात. यावर लोकांनी नाना उपाय काढले आहेत. सरांचा जीव त्यातल्या एकावर जडला होता. निरोप येत असताना ऐकणाऱ्यानं स्वतःच मोठा गोंगाट करायचा. चोराच्या कानात निरोप आणि गोंगाट यांची खिचडी पडते. ऐकणाऱ्याला मात्र आपला गोंगाट तंतोतंत माहीत असतो, म्हणून तो एकूण आवाजातून तेवढा वजा करतो आणि खाली निरोप उरतो. शाळेत वजाबाकी शिकलेल्या कोणालाही पटावं असंच हे आहे. सरांना ते इतकं पटलं होतं की त्यांनी ते पाण्यापुरतं ठेवलं नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम फुटाण्यांची पुडी असे. कोणी काही महत्त्वाचं सांगायला लागलं की सर पुडी सोडत आणि कडाकडा चावू लागत. नवख्या माणसाला वाटे, आपला अपमान चाललाय. प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून विभागातल्या एका नाजूक भांडणाबद्दल सांगायला सुरुवात केली, तर सरांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं मूठभर फुटाणे तोंडात टाकले. प्राचार्य बोलायचे थांबले. तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही बोला जी, मी तुमच्याच भल्यासाठी खाऊन राहिलो." घरी हेच काम मिक्सर करायचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की मुलीच्या लग्नाला मुलाकडच्यांचा होकार आला तो त्यांनी नवऱ्याला चटणी वाटता वाटता सांगितला. होकारामागोमाग देण्याघेण्याचं, तारखेचं, हॉलचं असं सगळंच बोलणं झालं, आणि चटणी इतकी बारीक झाली की शेवटी ती वाटीत ओतावी लागली. सरांना त्या गोंगाटात खरंच काही कळतं का, असं मी एकदा काकूंना भीत भीत विचारलं होतं. "त्यायले सारं ऐकू येते वं," त्या म्हणाल्या, "सांगनाऱ्याचा घसा बसते, तेवढंच."

लॅबमध्ये मिक्सर नव्हता, तिथे कूलर होता. नागपूरकराला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, की ती तीन बाजूंना गवताच्या जाळ्या लावलेली, कपाटाएवढी लोखंडी पेटी असते, आत पाणी असतं आणि एक राक्षसी पंखा असतो. होळीच्या सुमाराला ती बाहेर निघते आणि पाऊस स्थिरावला की तिच्यावर जुनी चादर पडते. सरांचा कूलर बारा महिने चालायचा. थंडीत ते त्यात पाणी भरू देत नसत, कारण त्यांना गारवा नको होता, आवाज हवा होता. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज खर्र, खर्र, टक्, असा यायचा. जानेवारीत आम्ही स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून त्या वाऱ्यात बसत असू. उपकरणं विकणारा एक बाहेरगावचा माणूस एकदा दारापर्यंत आला, माकडटोपी घालून कूलरसमोर बसलेले सर त्यानं पाहिले, आणि आल्या पावली परत गेला. या व्यवस्थेत एक उणीव होती. कूलरच्या वर आवाज जावा म्हणून सर ओरडून बोलत. त्यामुळे त्यांच्या गुप्त गोष्टी खोलीत बसलेल्या आम्हाला नीट कळत नसत, पण जिन्यावर बसलेल्या मुलांना सगळ्या माहीत असत.

लेखी गोष्टींचं याहून कडक होतं. कुठलीही पूर्ण माहिती एका माणसाकडे असू नये, हा त्यांचा नियम. एकदा तलावावर चाचणीला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आम्हा चार विद्यार्थ्यांना चार चिठ्ठ्या दिल्या. एकीवर वार होता, एकीवर वेळ, एकीवर काय काय आणायचं ती यादी आणि एकीवर ठिकाण. चौघं एकत्र आले की बेत पूर्ण. ठिकाणवाला मुलगा नेमका चुलतबहिणीच्या लग्नाला हिंगण्याला गेला आणि मांडवातल्या बँडमध्ये त्याला फोन ऐकू येईना. सर स्वतःचा मोबाइल तर घरीच ठेवत. आम्ही तिघं रविवारी सकाळी सहा वाजता बॅटऱ्या, दोर आणि बारा उकडलेली अंडी घेऊन, अगदी जय्यत तयारीत, कॉलेजच्या गेटवर उभे राहिलो. कुठे जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. नऊ वाजता आम्ही अंडी खाल्ली. सर दुपारपर्यंत तलावाच्या काठी एकटे बसून होते. सोमवारी आम्ही बोलणी खायच्या तयारीनं गेलो, तर ते खुशीत होते. चारातली एक चिठ्ठी नसली तर काहीच हाती लागत नाही हे सिद्ध झालं, म्हणाले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे दर वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात एकच शेरा असायचा, मुलगी हुशार आहे पण वर्गात बोलत नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेले तरी त्यात फरक पडला नाही. सरांना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ते एका फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि ते वर कधी पाहतात याची वाट बघत राहिले. मध्ये तीन माणसं येऊन गेली. त्यातल्या एकानं विभागप्रमुखांविषयी जे सांगितलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तासाभरानं सरांची नजर माझ्यावर पडली आणि ते दचकलेच. मी केव्हापासून बसले आहे, असं त्यांनी विचारलं. एक तास झाला, असं मी सांगितलं. हे सगळं ऐकलंस का, असं विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या कोणी मला बाहेर काढलं असतं. सरांनी फाइल मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"काहून वं पोरी, इतके दिवस कुठं होती तू?" ते म्हणाले. "मी दोन वर्षांपासून चोरच शोधून राहिलो."

कुलूप चांगलं आहे की नाही हे ठरवायला एक प्रामाणिक चोर लागतो. आमच्या प्रत्येक प्रयोगात एकानं निरोप पाठवायचा, दुसऱ्यानं गोंगाट करत तो घ्यायचा, आणि तिसऱ्यानं दूर बसून तो चोरायचा प्रयत्न करायचा. आधीचे चोर सरांच्या मते कुचकामी निघाले होते. कोणी खोकायचा, कोणी कंटाळून काठावर झोपून जायचा. मी न हलता, न बोलता चार चार तास बसू शकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझं गप्प बसणं कोणाच्या तरी उपयोगाला येत होतं. माझ्या खुर्चीवर 'चोर' अशी चिठ्ठी लागली, पाण्यात सोडायच्या माइकची पेटी माझ्या ताब्यात आली, आणि डबे गरम करायला नेताना भाऊ खुशाल विचारू लागले की यातला चोराचा डबा कोणता. भाऊ म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, मूळचे पारशिवनीकडचे, आणि सरांशी वाद घालू शकणारे जगातले एकमेव गृहस्थ.

चोर म्हणून माझं बरं चाललं होतं, विद्यार्थिनी म्हणून मात्र पंचाईत होत होती. कूलरच्या आवाजात सर जे शिकवत त्यातलं निम्मं मला कळत नसे. "सर, पुन्हा सांगता का?" एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्यानं दोन वर्षांत झालं नाही. त्यापेक्षा मला सोपा वाटला तो मार्ग असा: सरांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, त्यातून कूलरचा आवाज काढून टाकणारा एक प्रोग्राम लिहायचा, आणि मग घरी बसून ऐकायचं. लॅबच्या दारावर 'मोबाइल बाहेर ठेवावा' अशी पाटी होती आणि पाटीखाली सरांची सही होती. माझा फोन ओढणीखाली असे. प्रोग्राम हळूहळू असा तयार झाला की ती खर्र, खर्र, टक् त्याला पाठ झाली. उन्हाळ्यात गवत ओलं झालं की आवाज बदले, पातं आणखी वाकलं की पुन्हा बदले, मग मी त्याला ते नव्यानं शिकवत असे. हे चूक आहे हे मला कळत होतं. पण बोलायचं टळत होतं, आणि टळत असलं की मी बऱ्याच गोष्टी चालवून घेते.

आमच्या चाचण्या पुढे पारशिवनीच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यावर होऊ लागल्या. दोन नावा, त्यांचे मालक आणि दुपारचं जेवण हे सगळं भाऊ जमवत, कारण त्यांचं गाव तिथून जवळच होतं. दिवसभर पाण्यात वायरी सोडून बसलेली शिकली-सवरलेली माणसं बघायला गावकरी जमत. एका म्हाताऱ्या बाबांनी एकदा बराच वेळ पाहून सरांना विचारलं, काय हरवलं जी साहेब? सरांनी त्यांना मनापासून सांगितलं, की अजून काही हरवलेलं नाही, हरवू नये म्हणूनच चाललंय हे. बाबांना ते पटलं असावं, कारण त्यानंतर ते दर वेळी येऊन बसत आणि कोणी गलका केला तर त्याला गप्प करत.

आणि मग प्रकल्पाची मुदत संपत आली. ज्या सरकारी खात्यानं तो दिला होता त्यांची तीन माणसांची समिती धरणावर येऊन प्रात्यक्षिक बघणार होती. समितीचं समाधान झालं तर काम आणखी तीन वर्षं चालणार होतं. नाही झालं तर बंद. सरांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं उरली होती आणि हा प्रकल्प हातून गेला तर दुसरा मिळायचा नव्हता, हे ते सोडून सगळे बोलून दाखवत. सर त्या महिन्यात बारीक झाले. त्यांना एका गोष्टीनं पछाडलं होतं. आमच्या यंत्राचा गोंगाट कॉम्प्युटर तयार करायचा, म्हणजे त्याच्यामागे एखादा फॉर्म्युला असणार, आणि तो चोराच्या हाती लागला तर सगळंच गेलं. यावर त्यांनी काहीतरी तोड काढली आहे, एवढंच आम्हाला कळलं. काय काढली ते नियमाप्रमाणे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रंगीत तालीम केली. एका नावेत सर, निरोप पाठवणारे. लांबच्या नावेत भाऊ, गोंगाट करत निरोप घेणारे. काठावर पाण्यात माइक सोडून मी. सरांनी तीन वाक्यं पाठवायची असं ठरलं होतं. प्रत्येक वाक्य नीट पोचलं की भाऊंनी लाल फडकं वर करायचं. मी कानाला हेडफोन लावले, आणि पाण्याखालून मला खर्र, खर्र, टक् ऐकू आलं.

सर एखाद्या रविवारी एकटेच लॅबमध्ये येऊन कूलर रेकॉर्ड करून गेले होते. त्यांचा विचार मला तिथे बसल्या बसल्या कळला. कूलरला फॉर्म्युला नसतो. तो गंजलेला, वाकलेला आणि लहरी, तेव्हा त्याच्या मनातलं जगातल्या कुठल्या चोराला कळणार? मला हसू आलं आणि लगेच घाबरायलाही झालं. भाऊंचं फडकं एकदा वर झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. ठरलेलं काम संपलं. पण सर पुन्हा काहीतरी टाइप करताना दिसले. मग लांबच्या नावेत भाऊ स्क्रीनवर वाकले, आणि इतके हसले की नाव हलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहतेय हे दिसल्यावर पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं.

वहीत 'फक्त गोंगाट' असं लिहून मी पेटी बंद करायला हवी होती. भाऊ हसले नसते तर तेच केलं असतं. पण आपल्याविषयी काहीतरी बोललं गेलंय हे कळल्यावर गप्प बसणाऱ्या माणसालाही गप्प बसवत नाही. प्रोग्राम लॅपटॉपमध्ये होताच. मी आधी चौथं वाक्यच घेतलं. कूलर निघून गेला आणि खाली, स्क्रीनवर, सरांचं वाक्य उरलं.

"पोरगी माह्या पुढं गेली गा भाऊ. तिले सांगू नोको, लाजून उद्या येनार नाही."

दोन वर्षांत माझ्या कामावर सरांनी 'तपासा' याखेरीज दुसरा शेरा लिहिला नव्हता. मी ते वाक्य पुष्कळ वेळा वाचलं. मग उरलेली तीन घेतली. तापमान, गढूळपणा, बॅटरी ठीक. तीनही स्वच्छ लागली. आणि मग मला हळूहळू कळलं की सरांचं इतक्या वर्षांचं काम आत्ता माझ्या मांडीवर मोडून पडलंय.

उद्या माझ्या जागी समितीचा माणूस बसणार होता. तो काही दोन वर्षं त्या कूलरपाशी बसलेला नव्हता. त्याला गोंगाटच ऐकू आला असता, सरांना तीन वर्षं मिळाली असती. त्यासाठी मी काहीही करायची गरज नव्हती, फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला जगात सगळ्यात चांगलं येत होतं. उलट बोलायचं तर कूलरबद्दल बोलावं लागणार, मग ओढणीखालच्या फोनबद्दल, आणि मग ते चौथं वाक्य. मी चौथं वाक्य लॅपटॉपमधून पुसून टाकलं. बाकीची तीन ठेवली.

संध्याकाळी भाऊंच्या घरच्या ओसरीवर चहा झाला. सर बाजेवर मांडी घालून बसले होते, फार दिवसांनी मजेत. तालमीनंतरचा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, काय ऐकलं चोरानं? त्याचं उत्तर दोन वर्षं एकच होतं आणि ते त्यांनी वहीत लिहायलाही घेतलं होतं.

"ऐकलं, सर," मी म्हटलं.

सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. मी सांगत गेले आणि ते फुटाणे चावत गेले. फोन, ओढणी, प्रोग्राम, सगळं त्या कडाकडा आवाजात सांगून झालं. तीनही वाक्यं लागली असं म्हटलं तेव्हा त्यांचा जबडा थांबला. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. त्यांनी तीन ओळी वाचल्या. किती दिवस रेकॉर्ड करत होतीस, असं विचारलं. दोन वर्षं, मी म्हटलं. दारावर पाटी होती, ते म्हणाले. हो सर. माझ्या सहीची. हो सर. भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा त्या तीन ओळींकडे बघत होते. चौथी कुठे गेली हे त्यांना विचारायचं असावं, पण विचारणार कसे?

शेवटी भाऊच म्हणाले, "उद्यापुरता आवाज बदलून टाकू ना जी. गावात चक्की हाय, तिचा भरून घेऊ."

"आन् चक्कीवाल्याच्या पोरीनं ऐकलं तं?" सर म्हणाले. "कोनत्याही आवाजाच्या बाजूले कोनी ना कोनी राहतेच गा."

"मंग सांगूच नका. त्या साहेबलोकायले काय समजते?"

"हिले समजलं ना," सर म्हणाले, आणि उठून चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. सरांनी नमस्कार-चमत्कार झाल्याबरोबर हिंदीत सांगून टाकलं की जे दाखवायला आपल्याला बोलावलं ते काल संध्याकाळी फुटलं आहे, आणि फोडणारी ही माझी विद्यार्थिनी आता ते कसं फुटलं ते दाखवेल. मग ते बाजूला झाले. मला तीन अनोळखी माणसांसमोर उभं राहून बोलावं लागलं. बारा-तेरा वाक्यं झाली असतील, प्रगतिपुस्तकांच्या सगळ्या वर्षांत मिळून झाली नसतील इतकी. समितीतल्या ज्येष्ठ गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि सरांकडे वळून विचारलं, "तो फिर इतने साल में आपने बनाया क्या?"

"चोर बनाया, साहब," सर म्हणाले. "बहुत अच्छा बना है."

महिन्याभरानं पत्र आलं. मुदत वाढवून मिळणार नव्हती. सरांनी ते आम्हाला उभ्यानं वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या तासाला निघून गेले. माझा प्रबंध मात्र त्या फुटण्यावरच उभा राहिला. त्यात तालमीचा एक तक्ता होता. भाऊंच्या यंत्रात चार निरोपांची नोंद असल्यामुळे मला चारही दाखवावे लागले. पहिल्या तिन्हींपुढे मी 'लागला' असं लिहिलं, चौथ्यापुढे 'लागला नाही'. तोच आवाज, तेच अंतर, तेच पाणी. तीन लागले तर चौथा लागायलाच हवा, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. दशांशचिन्ह सरकलं म्हणून अख्खं प्रकरण परत पाठवणाऱ्या सरांनी तो तक्ता वाचला, त्यावर पेन्सिल टेकवली, थोडा वेळ तशीच धरली आणि पान उलटलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. चौथा का लागला नाही? मी तक्त्याचं पान पुढेमागे करू लागले. गाइडनं मध्ये बोलायचं नसतं. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मासोळी आली असेल मधात." परीक्षकांनी म्हणजे काय असं विचारल्यावर त्यांनी पूर्ण गांभीर्यानं सांगितलं की त्या पाण्यात फार मोठ्या मासोळ्या आहेत आणि त्या आवाज अडवतात. परीक्षकांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटला. त्यांनी तो प्रबंधात घालायला लावला. त्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीत ठेवलेल्या प्रतीत, त्या तक्त्याखाली, एका मोठ्या मासोळीविषयी तळटीप आहे, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

सर यंदा निवृत्त होताहेत. समारंभात मी चार शब्द बोलावेत असं भाऊंचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं आणि हे लिहायला बसले. छापून आलं की भाऊ त्यांच्यापुढे नेऊन ठेवतील. काकू म्हणतात, अलीकडे ते दुपारी शांत बसून वाचतात. तेव्हा बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही, मला एवढंच सांगायचं आहे.

सर, चौथं वाक्य पोचलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी मी आले होते.